मधला कुठे गेला?

रुगुन चांगली गाते, याबद्दल तोबा सरोवराच्या त्या काठावर दुमत नव्हतं. दुमत होतं ते तिला गाण्यातलं काही कळतं का याबद्दल, आणि या बाबतीत रुगुनचं स्वतःचं मत तिच्या विरोधकांच्या बाजूनं होतं.

अकरा महिन्यांपूर्वी चर्चच्या बायकांच्या कॉयरचे जुने मास्तर मुलाकडे मेदानला राहायला गेले. जाताना ‘तूर्तास तू बघ’ म्हणून हातातली काडी तिच्या हातात देऊन गेले. तूर्तास म्हणजे किती दिवस, हे कुणी विचारलं नाही. तेव्हापासून रुगुन सकाळी बाजारात ‘मी गोमाक’ विकायची, म्हणजे हातानंच उचलून वाढायच्या जाड शेवया आणि वर जीभ बधिर करणारा रस्सा. संध्याकाळी आठवड्यातून दोनदा ती तेवीस बायकांना तीन आवाजांत गायला लावायची. पहिला आवाज स्वतः गाऊन दाखवायची, मग दुसरा, मग तिसरा. कुणाचा सूर हलला तर तिला पायाच्या नखापर्यंत कळायचं. काय हलला, ते मात्र सांगता यायचं नाही. “अशी नको गं, अशी,” एवढंच तिचं शास्त्र.

पेटीवाल्या पोरीनं कधी विचारलं, “इथे मेजर धरू की मायनर?” तर रुगुन कपाळाला आठी घालून म्हणायची, “तुला काय वाटतं?” पोरगी जे सांगेल त्यावर जरा थांबून, “बरोबर.” अकरा महिने हे निभावलं.

माणसांची खातेवही मात्र तिच्या डोक्यात पक्की होती. कोण किती तालमींना आली, कुणी कुठलं कारण दिलं, कुणाची सासू वर्षात दोनदा वारली, सगळं तिथे नोंदलेलं. त्या नोंदींच्या जोरावरच तिनं त्या तेवीस जणींना अशा वळणावर आणलं होतं की पूर्वी त्या उभ्या राहिल्या की बाहेर विडी ओढायला जाणारे पुरुष आता आत बसून राहत.

मग चर्चच्या वरच्या कचेरीतून पत्र आलं. ज्युबिलीच्या उत्सवात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कॉयरच्या पुढारणीची बालिगेला परीक्षा होईल. पायपेटीवर तीन-तीन सुरांचे दहा मेळ वाजवले जातील, प्रत्येक मेळ ओळखून लिहायचा. एका गावातून दोघींनी यावं. जिचे जास्त बरोबर, काडी तिची.

दुसऱ्या नावासाठी शोधाशोध करावी लागली नाही. रुगुनची नणंद माक तियार पत्र वाचून पुरं व्हायच्या आत उभी राहिली. तियार हिची थोरली लेक, म्हणून ही माक तियार, आणि हिचा नवरा आमानी तियार. तिकडे मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव मागे पडतं. रुगुनलाही गाव माक बोनारच म्हणायचं. माक तियारनं मेदानला तीन महिने की-बोर्डचा क्लास केला होता, आणि दर तीन वाक्यांत एकदा तो क्लास बोलण्यात यायचाच.

“एदा, तू घाबरू नकोस हं,” ती रुगुनला म्हणाली. नणंद-भावजय तिकडे एकमेकींना एदाच म्हणतात. “सोपं असतं ते. आमच्या क्लासात तर लहान पोरं करायची.”

“मग तू नक्की पास होशील,” रुगुन म्हणाली, आणि शेवयांचं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं.

रुगुनला ती काडी हवी होती. सकाळभर लोक तिच्याकडे बघत ते पातेल्यात किती उरलंय हे पाहायला. संध्याकाळी तेवीस बायका तिच्या हाताकडे बघत, आणि हात वर गेला की एकदम श्वास घेत. तो श्वास घेतला जाण्याआधीचा जो क्षण होता, तो तिला दुसऱ्या कुणाला द्यायचा नव्हता. नणंदेला तर नाहीच नाही.

तिनं एक जुनं पुस्तक मिळवलं. त्या भागात सगळं गाणं आकड्यांत लिहितात: एक म्हणजे दो, दोन म्हणजे रे, असं सातापर्यंत. पुस्तकात लिहिलं होतं की एक आकडा घ्या, पुढचा सोडा, त्याच्या पुढचा घ्या, एक सोडा, आणखी एक घ्या. झाला तीन सुरांचा मेळ. एक-तीन-पाच. दोन-चार-सहा. इथवर रुगुनला समजलं. पण पुढे म्हटलं होतं, एक-तीन-पाच हा मेजर, दोन-चार-सहा हा मायनर, आणि सात-दोन-चार हा डिमिनिश्ड. इथे तिचं घोडं अडलं. सगळीकडे एक सोडून एकच घेतलाय. अंतर तेच. मग एकाला एक नाव आणि दुसऱ्याला दुसरं कशाला? शिकलेल्या माणसांना नावं ठेवायची हौसच असते, असं म्हणून तिनं पुस्तक मिटलं. आकड्यांवर वाढलेल्या त्या गावात कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. कागदावर आकडे सारख्या अंतरानं बसतात, त्यामुळे ते सगळीकडे तसेच बसत असणार असं माणूस धरून चालतो.

नवऱ्याला, आमानी बोनारला, तिनं हे सांगितलं तेव्हा तो नखं कापत होता.

“मग आमचं तिघांचं रोज काय चालतं?” तो म्हणाला. “तेच की. मी खाली, तुझा भाऊ वर, आमानी तियार मध्ये. तीन सूर. उद्या लापोत ये, ऐक.”

लापो म्हणजे ताडीचं दुकान. दुपारी चारनंतर गावातले पुरुष तिथे शेंगदाणे आणि ताडी घेऊन बसत. गिटार कुणाचंही असे, गळे मात्र ठरलेल्या तिघांचे.

“आमानी तियार?” रुगुन म्हणाली. “त्यांच्याकडून शिकू? माझी अडचण ठाऊक आहे ना?”

अडचण दुहेरी होती. एक तर तो माक तियारचा नवरा, म्हणजे विरोधी पक्षाच्या घरातला. आणि दुसरं म्हणजे तो रुगुनचा बाओ होता. नणंदेचा नवरा आणि भावजय हे तिकडे एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. भांडण म्हणून नाही, मान म्हणून. समोर मीठ हवं असलं तरी “कुणीतरी मीठ सरकवेल काय” असं खांबाकडे बघून म्हणायचं. एकोणीस वर्षांत त्या दोघांमध्ये जे काही बोलणं झालं होतं ते एकतर खांबामार्फत किंवा आमानी बोनारमार्फत. आणि आमानी बोनारपेक्षा खांब जास्त भरवशाचा होता.

“तू आत चुलीपाशी बस,” नवरा म्हणाला. “मधे तट्ट्याची भिंत आहे. तो मला सांगेल, मी तुला सांगेन.”

दुसऱ्या दिवशी रुगुन लापोच्या मागच्या दारानं चुलीपाशी जाऊन बसली. दुकानाची मालकीण म्हातारी होती. तिनं काही न विचारता तिच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांची परात सरकवली, सोलायला. बाहेर तिघं बसले होते. तिला दिसत होते फक्त तट्ट्याच्या फटीतून ताडीचे ग्लास.

“आमानी तियार म्हणतात,” नवरा मोठ्यानं म्हणाला, “की आधी...”

“ऐकू येतंय मला. भिंत तट्ट्याची आहे, दगडाची नाही.”

“ऐकू येता कामा नये ना! मी सांगेपर्यंत थांब. ते म्हणतात, आधी साधा मेळ ऐक. मग मधला अर्धा ग्लास खाली उतरेल.”

“अर्धी पायरी, लाए,” आमानी तियारचा बारीक आवाज आला. “पायरी. ग्लास नाही.” मेहुणे-मेहुणे तिकडे एकमेकांना लाए म्हणतात.

आमानी तियार सुतार होता. अंगानं बारीक, बोलण्यात त्याहून बारीक. गावातल्या कुठल्याही समारंभात त्याची आठवण ताटं उचलायच्या वेळी व्हायची. गाण्यातही वरचा आवाज लावणारा पिंतोर, रुगुनचा भाऊ, डोळे मिटून हात पसरायचा. खालचा लावणारा आमानी बोनार टेबल हलवायचा. मधे आमानी तियार काय करतो, हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

तिघांनी सूर लावला. एक-तीन-पाच. भरलेल्या घरासारखा आवाज झाला. मग खालचा आणि वरचा जागच्या जागी राहिले, आणि मधला तेवढा अर्धी पायरी उतरला.

कोपऱ्यात ताडी पीत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. “कोण गेलं?” त्यानं विचारलं.

मधला परत वर आला.

“कुणी नाही,” दुकानाची मालकीण चुलीपासून ओरडली. “आला परत. घाल टोपी.”

रुगुनच्या हातातली शेंग तशीच राहिली. वरचा हलला नव्हता, खालचा हलला नव्हता. ज्याच्याकडे कुणी बघत नाही त्या माणसानं अर्धं पाऊल मागे घेतलं होतं, आणि लग्नाचं मयत झालं होतं.

“पुन्हा,” ती म्हणाली. “त्यांना म्हणावं, पुन्हा.”

“ती म्हणते पुन्हा,” नवऱ्यानं सांगितलं.

“ऐकलं,” आमानी तियार म्हणाला.

“तुम्ही पण नका ना ऐकू, लाए! मग माझं काम काय उरलं?”

त्या दुपारी निरोप्याची बरीच धांदल झाली, पण मूळ गोष्ट पोचली. आमानी तियारचं म्हणणं असं होतं, की आकडे कागदावर सारख्या अंतरावर असतील, गळ्यात नसतात. तीन आणि चार एकमेकांना चिकटून बसलेत, त्यांच्यात अर्धीच पायरी आहे. सात आणि वरचा एक, तेही तसेच. बाकीच्यांमध्ये पुरी पायरी. आता मोजून बघायचं. एकपासून तीनपर्यंत दोन पुऱ्या पायऱ्या, तीनपासून पाचपर्यंत दीडच. म्हणजे मधला वरच्याच्या जवळ सरकून बसलाय. तो मेजर. दोनपासून चारपर्यंत दीड, चारपासून सहापर्यंत दोन. म्हणजे मधला खालच्याला चिकटलाय. तो मायनर.

रुगुननं शेंगदाणे मांडून मोजलं. मग गाऊन मोजलं. दोन्ही वेळा तेच आलं. एवढे दिवस ती अंतरं तिच्या गळ्यातून बिनचूक जात होती, आणि ती कागद बघून म्हणत होती की सगळी सारखीच.

“आणि सात-दोन-चार?” तिनं चुलीला विचारलं.

तिघांनी तो गायला. दोन्हीकडे दीड-दीडच पायरी, तिघं एकमेकांच्या अंगावर चढून बसल्यासारखे. पुढे कुठेतरी जायला हवं असं वाटायला लावणारा, पण न जाणारा आवाज.

“हा आमच्या जावयासारखा,” मालकीण म्हणाली. “दारात उभा. ना आत येतो ना घरी जातो.”

रुगुननं ते जसंच्या तसं डोक्यात नोंदवून घेतलं. पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा बरं होतं.

तिसऱ्या दिवशी खरी पंचाईत आली. परीक्षेत मेळ उलटापालटा करूनही वाजवतात म्हणे, खालचा सूर उचलून वर नेऊन ठेवतात. मग तळाला मधला येतो किंवा वरचा येतो. आमानी तियार म्हणाला, करून दाखवू. पण त्यासाठी पिंतोरला खाली गावं लागणार होतं.

“मी? खाली?” पिंतोर म्हणाला. “मी हिचा भाऊ आहे. ज्या घरात बहीण दिली त्या घरानं माझ्यापुढे ताट ठेवायचं, मासा ठेवायचा. मी यांच्या खाली गाऊ?”

“गाण्यात खाली, लाए,” आमानी बोनार म्हणाला. “मानात नाही.”

“लोक ऐकतात.”

“लोक ताडी पितात. तुझा ग्लास मी भरतो.”

दोन ग्लासांनंतर पिंतोर खाली आला. आणि तट्ट्यामागे बसलेल्या रुगुनला ऐकू आलं ते असं, की जागा बदलल्या, माणसं तीच. खालचा वर जाऊन बसलाय, पण अजून घर त्याचंच आहे. कान त्याच्याकडेच वळतो. यात शिकायचं काय होतं? पिंतोरच्या घरी जेवण असलं की तिचा नवरा ताटं उचलायचा. तिच्या घरी असलं की आमानी तियार उचलायचा. आमानी तियारच्या मुलीचं लग्न झालं की जावई उचलणार. तिकडच्या कुठल्याही सहा वर्षांच्या पोरीला पंगतीत शिरल्याबरोबर कळतं, आज यजमान कोण, मान कुणाचा, राबायचं कुणी. मग कोण कुठल्या चटईवर बसलंय याला महत्त्व नाही.

“हे तर मला येतंच,” ती मोठ्यानं म्हणाली.

“ती म्हणते, हे तिला येतंच,” नवऱ्यानं सांगितलं.

“मलाही वाटलंच होतं,” आमानी तियार खांबाकडे बघून म्हणाला.

ती हसायला लागली ती थांबेचना. अकरा महिने ती ज्याला घाबरत होती ते तिच्याच घरात, तिच्याच पंगतीत बसलेलं होतं. मालकिणीनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि सोललेल्या शेंगांचं टोपलं उचलून नेलं. पाच दुपारी मिळून साडेतीन किलो शेंगा सोलून झाल्या, तेव्हा शिकवणी काही अगदीच फुकट नव्हती.

शनिवारी बालिगेच्या चर्चच्या हॉलमध्ये सात गावांच्या चौदा बायका जमल्या. रुगुन वेळेवर पोचली, पण बाकीच्या वेळेच्याही आधी आल्या होत्या. पुढचे बाक अगदी भरून गेले होते. माक तियार पहिल्याच बाकावर, पायपेटीच्या डावीकडे, मान जरा पुढे काढून. रुगुनला नवल वाटलं. एवढी हौस कशाची? ऐकायचंच तर आहे. तिला जागा मिळाली ती मागे, पोर्सेआच्या दोन भरभक्कम बायकांच्या पाठीशी. त्या दोघींच्या पाठीपलीकडे काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता.

परीक्षा घ्यायला तारुतुंगहून हुमाला नावाचे मास्तर आले होते. वय पंच्याहत्तरच्या घरात, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘जे ऐकू येईल ते लिहा.’ मग भाता मारायला सुरुवात केली.

पहिला प्रश्न. दारात उभा जावई. रुगुननं लिहिलं, डिमिनिश्ड. दुसरा, भरलेलं घर, मेजर. तिसऱ्याला हॉलच्या कोपऱ्यात कुणीतरी टोपी काढेल असं वाटलं, मायनर. चौथा उलटा होता, पण यजमान सापडला. पाचव्याला ती गडबडली. डिमिनिश्ड आणि तोही उलटा. जावई खिडकीतून आत आल्यासारखा. तिनं अंदाजानं काहीतरी लिहिलं. सहावा जमला. तिचे खांदे सैल झाले.

“सातवा सोपा आहे,” मास्तर म्हणाले. “एकदाच वाजवतो.”

त्यांनी वाजवला. रुगुननं पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून ठेवली.

खालचा आला. वरचा आला. दोघं आपापल्या जागी अगदी व्यवस्थित उभे. मधे कुणीच नाही. तिनं डोळे मिटले, कान पुढे केला. सूर विरत चालला होता आणि मधे नुसती रिकामी चटई. पुढच्या बाकांवर पेन्सिली भराभर चालल्या होत्या. तेराच्या तेरा जणींना उत्तर आलं होतं. तिला वाटलं, आपला कान बसला. सर्दी झाली असेल. किंवा लापोतलं सगळं शिकणं ही आपलीच समजूत. मेजर लिहावं, सोपा आहे म्हणालेत म्हणजे मेजरच असणार. पण मेजर म्हणायचं तर मधला कुठे बसलाय ते सांगता यायला हवं, आणि तो बसलेलाच नव्हता. तिनं लिहिलं, ‘मधला आला नाही. त्यामुळे सांगता येत नाही.’ लिहून झाल्यावर स्वतःचाच राग आला.

आठवा दोन-चार-सहा. नववा सात-दोन-चार. दहावा पाच-सात-दोन. ते तिला आले, पण आता त्यात आनंद नव्हता.

कॉफी झाली. मास्तरांनी तिथेच बसून कागद तपासले आणि आकडे वाचून दाखवले. कुणाला सहा, कुणाला सात. काही मेळ काळ्या पट्ट्यांवर होते, तिथे पुष्कळ जणी आपटल्या होत्या. “माक तियार, नऊ.” पहिल्या बाकावरून समाधानाचा सुस्कारा आला. “माक बोनार, आठ.”

आठ. म्हणजे काडी गेली. रुगुननं रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मंगळवारच्या तालमीला आता हात वर करेल ती माक तियार.

“आणि या माक बोनारनं सातव्याला काय लिहिलंय ते ऐका,” मास्तर मजेत येऊन म्हणाले. “‘मधला आला नाही!’”

हॉल हसला. पोर्सेआच्या दोघी तर हलल्याच.

“कुठे गेला मग मधला, इनांग?” मास्तर म्हणाले. “बाजारात?” तिकडे मानानं बाईला इनांग म्हणतात आणि पुरुषाला आमांग.

रुगुनला बसून राहता आलं असतं. हसणाऱ्यांत हसून मोकळं होता आलं असतं. पण ती उभी राहिली, आणि उभी राहिल्यावर बोलणं भाग पडलं.

“कुठे गेला ते मला ठाऊक नाही, आमांग. पण मेजर म्हणायला मधला लागतो, आणि मायनर म्हणायलाही तोच लागतो. बाकीचे दोघं दोन्हीकडे तेच असतात. तो नव्हता, म्हणून मला काहीच म्हणता आलं नाही.”

“मी दाबला होता त्याला. या बोटानं.”

“दाबला असेल,” रुगुन म्हणाली. “आला नाही.”

मास्तरांचं हसू जागच्या जागी थांबलं. ते उठले, पेटीपाशी बसले, पाय चालवले. एक-तीन-पाच दाबला. मान तिरकी केली. मग एकट्या एकवर बोट ठेवलं: सूर आला. एकट्या पाचवर ठेवलं: आला. तीनवर ठेवलं. म्हाताऱ्या माणसानं गरम चहावर फुंकर घालावी तसा नुसता वारा सुटला. फुस्स.



“दुसऱ्या प्रश्नाला होता,” मास्तर हळूच म्हणाले. “नंतर कचरा अडकला असेल.” त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं. पुन्हा फुस्स. “बाकी तेरा जणींनी मेजर लिहिलंय. कशावरून?”

मास्तरांची नजर पट्ट्यांवर गेली. रविवारच्या शाळेतल्या पोरांसाठी प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर कागदाचा तुकडा चिकटवून आकडा लिहिलेला होता: १, २, ३. तिथून नजर पहिल्या बाकावर गेली, तिथल्या पुढे काढलेल्या मानांवर गेली. त्या माना एकेक करून मागे गेल्या. मागे बसलेल्या रुगुनलाही आत्ता कळलं, पुढच्या बाकांवर एवढी झुंबड कशासाठी होती ते.

“म्हणजे सगळा वेळ मी माझ्या बोटांची परीक्षा घेत होतो,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. “आणि माझं काय? मीही इथेच बसलो होतो. पन्नास वर्षं वाजवतोय ना, न वाजलेलाही ऐकू येतो मला.”

“प्रश्नच खराब निघाला, तर तो सगळ्यांचाच रद्द करा, आमांग,” पुढून कुणीतरी म्हणालं. रुगुननं मनात हिशोब केला: रद्द झाला तर माक तियार आठ, आपण आठ. बरोबरी. मग चिठ्ठ्या टाकतील, नाहीतर मेदानचा क्लास बघतील.

मास्तरांनी फळ्याकडे बोट केलं. “काय लिहिलंय तिथे? जे ऐकू येईल ते लिहा. प्रश्न रद्द कशाला? एकीनं ऐकलं, तिनंच लिहिलं.” त्यांनी कागद ओढून घेतले. तेरा ठिकाणी काट मारली आणि एका ठिकाणची काट खोडली. “माक बोनार नऊ. माक तियार आठ.”

रुगुन खाली बसली. तिला सगळ्यात आधी आठवलं ते काडीचं नाही, कानाचं. कान बसला नव्हता. जे होतं ते तिला ऐकू येत होतं, आणि जे नव्हतं ते नव्हतं म्हणूनही ऐकू येत होतं. आता पेटीवाल्या पोरीनं विचारलं तर ‘तुला काय वाटतं’ म्हणायची गरज नाही. मग तिला एकदम इतकी भूक लागली की पोर्सेआच्या एका बाईनं डब्यातला भाताचा मुटका पुढे केल्यावर तिनं नाही म्हणायचा शिष्टाचारसुद्धा पाळला नाही.

परतीच्या गाडीत एकच बाक मोकळा होता, तोही दोघींचा. लागुबोतीपर्यंत माक तियार खिडकीबाहेर शेतं बघत होती. जणू ती शेतं आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती.

“एदा,” ती शेवटी म्हणाली. “तुला शिकवलं कुणी?”

“तुझ्या भावानं,” रुगुन म्हणाली. तसं पाहिलं तर प्रत्येक शब्द त्याच्याच तोंडून आला होता.

“माझ्या भावानं! त्याला चपलेचा डावा-उजवा अजून कळत नाही.”

रुगुननं मांडीवरची पिशवी नीट केली.

“आमचा माणूस गेले पाच दिवस जेवताना गुणगुणत होता,” माक तियार म्हणाली. “एक सूर धरायचा, मग अर्धी पायरी खाली. पुन्हा वर. रश्शात हात आणि तोंडानं मयत. मला वाटलं, माझ्यासाठी करतोय. न बोलता शिकवतोय, असतो काही जणांचा स्वभाव. मीही ऐकून ऐकून घोकलं. मेदानच्या क्लासात यातलं काही नव्हतं, तिथे नुसती बोटं. काळ्या पट्ट्यांवर आकडे नव्हते, तिथे मला जे काही आलं ते त्याच्या गुणगुणण्यामुळे.” ती थांबली. “आणि ते माझ्यासाठी नव्हतंच.”

“तुझे आठ आले ना?”

“आले.”

“मग तुझ्यासाठीही होतं.”

माक तियारनं तिच्याकडे तिरकं पाहिलं. रागवावं की नाही हे ठरेना, आणि ते ठरायच्या आत तिला हसू फुटलं. “घरी विचारते त्याला,” ती म्हणाली. “एकोणीस वर्षं बायकोशी एवढं बोलला नाही, आणि तट्ट्याशी बोलतोय.”

“तट्टा तुला कुणी सांगितला?”

“शेंगा सोलून सोलून तुझी नखं काळी पडलीत, एदा. गावात शेंगदाण्याचं टोपलं एकाच दुकानात असतं.”

रुगुननं नखं पिशवीखाली घेतली. मग म्हटलं, नाहीतरी आता लपवायचं काय? तिनं ती बाहेर काढली आणि डोक्यातली वही उघडली. पहिल्या आवाजात अकरा जणी आणि बहुतेक सगळ्या स्वतःला पिंतोर समजणाऱ्या. खालच्या आवाजात आठ. मधल्यात चार, आणि त्यातल्या दोघी खोकतात.

“मंगळवारी मधल्या रांगेत उभी राहशील?” तिनं विचारलं.

“मी? मी पहिल्या आवाजाची आहे. आयुष्यभर.”

“पहिल्या आवाजाला माझ्याकडे अकरा आहेत. मधल्याला कान असलेली एकही नाही.”

गाडीनं वळण घेतलं, सरोवर डावीकडे आलं. माक तियारनं सरोवराकडे पाहून घेतलं. “विचार करते,” ती म्हणाली.

तिच्या नकाराला विचार कधी लागत नसे. तो तोंडातच तयार असे. एवढी नोंद रुगुनकडे जुनी होती, तिला तेवढं पुरलं. तिनं मास्तरांच्या सहीचा कागद ब्लाऊजमध्ये नीट सरकवला आणि खिडकीला डोकं टेकलं. पाच रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुढच्या खड्ड्याच्या आत ती तोंड उघडं टाकून झोपली, आणि तिच्या मांडीवरची पिशवी घसरायला लागली तेव्हा माक तियारनं ती एका हातानं धरून ठेवली.